पोरांची हगवण हा शेतकऱ्याचाच प्रश्न आहे
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून आज हगवणीवर बोलणार म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिले, ते आमच्या लक्षात आले आहे. पाहणे साहजिक आहे. आमची पदवी शेतीची, डॉक्टरकीची नाही. पण गावोगाव बैठका घेताना एक प्रश्न आम्ही नेमाने विचारतो, तुमचे पहिले कर्ज कशापायी झाले? बियाणे, खत, लग्न ही उत्तरे ठरलेली असतात. माणसे जरा मोकळी झाली की बाया मागून बोलतात, "पोराच्या दवाखान्यापायी." आणि महिना विचारला तर तो आषाढ-श्रावणच निघतो.

याला कारण आहे. मृग लागला की आपली पेरणी सुरू होते. बियाणे-खतात घरातला शेवटचा पैसा गेलेला असतो, बँकेचे कर्ज मंजूर झालेले असले तरी हातात आलेले नसते. त्याच आठवड्यात पहिल्या जोराच्या पावसाने गावकुसाबाहेरची, गोदरीची सगळी घाण नाल्याला लागते, नाल्यातून विहिरीत उतरते. आणि त्याच आठवड्यात मायमाउली पहाटे वावरात जाते. पेरणी, मग डवरणीमागचे निंदण. तान्हे पोर आजीजवळ नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. घरात पाणी काल संध्याकाळचे. पैसा नाही, पाणी खराब, आई घरात नाही, या तिन्ही गोष्टी वर्षातून एकदा एकत्र येतात आणि पोर आजारी पडते. मग भाड्याची गाडी, खाजगी दवाखाना, सलाईनच्या दोन बाटल्या. व्याजाने पैसे आणायला सावकाराचे दार उघडेच असते.

कृषिमूल्य आयोग ज्वारी-कापसाचा उत्पादनखर्च काढतो, त्यात घरच्या माणसांची मजुरी तरी धरतो. ती कशी धरतो यावर आमचे भांडण आहे, ते वेगळे. पण निंदणाच्या ऐन आठवड्यात आई दवाखान्यात बसली, वावरात तण माजले आणि एकरी दोन क्विंटलची घट आली, ती घट कोणत्या रकान्यात लिहायची? तो रकानाच नाही. म्हणून आम्ही म्हणतो, हा बायकांचा विषय नाही आणि आरोग्य खात्याचाही नाही. शेतीच्या जमाखर्चाचा आहे.

पैशापेक्षा मोठी गोष्ट बोलायला जड जाते, पण बोललीच पाहिजे. जगात दर वर्षी पाच वर्षांच्या आतली सुमारे साडेचार लाख मुले हगवणीने दगावतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या सात मुलांना मागच्या पंधरा दिवसांत हगवण लागून गेलेली होती. आणि त्यातल्या दर दहा मुलांमागे चौघांना साधे मीठ-साखरेचे पाकीट मिळाले नव्हते. सलाईन मात्र मिळते, कारण सलाईनमध्ये पैसा आहे.

आता हे होते कसे? एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळे आपोआप समजेल. हगवणीचे जंतू आभाळातून येत नाहीत. दात येतात म्हणून येत नाहीत, नजर लागून येत नाहीत. ते दुसऱ्या माणसाच्या शौचातून येतात आणि आपल्या पोराच्या तोंडात जातात. जाण्याच्या वाटा चार. पाणी, हात, माशी आणि माती. रांगणारे पोर अंगणातली माती तोंडात घालते, ती वाट आपण मोजतच नाही. आणखी एक. "लहान पोराची शी काय, दुधाची तर असते" असे म्हणून ती उकिरड्यावर नाहीतर नालीत टाकली जाते. खरे उलट आहे. हगवण लहान मुलांनाच जास्त, तेव्हा त्यांच्या शौचात जंतूही भरपूर. ती संडासातच गेली पाहिजे.

यातला एक जंतू मात्र असा आहे की घर कितीही स्वच्छ ठेवा, तो फारसा ऐकत नाही. रोटा म्हणतात त्याला. त्यावर तोंडातून द्यायची लस आहे, २०१६ पासून आपल्या देशात टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने अशा तीन वेळा, फुकट. आशाताईंकडे चौकशी करा. हे आधी सांगून टाकले, कारण पुढचे बोलणे लांबणार आहे.

पाण्यापासून सुरू करू. २०१९ साली जलजीवन मिशन आले. घरोघर नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी, मुदत २०२४. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती मुदत २०२८ पर्यंत वाढवली. बऱ्याच गावांत नळ आले आहेत. नळात पाणी किती दिवसांआड येते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. चार दिवसांनी तासभर पाणी येते म्हणजे उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. रिकामा पाइप नालीतून गेलेला असेल आणि त्याला चीर असेल, तर तो नालीतले पाणी आत ओढतो. वर आपण काय करतो? शेजाऱ्याच्या आधी आपली टाकी भरावी म्हणून नळाला मोटार लावतो. मोटार टाकीतले पाणी जसे ओढते तशी नालीतली घाणही ओढते. सरकारला शिव्या द्यायच्या तिथे आम्ही मागे राहत नाही, पण ती मोटार सरकारने लावलेली नाही.

विहिरीवरची योजना असेल तर टीसीएल पावडर. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात ते पोते असते, तोंड उघडे, भिंतीच्या ओलीला टेकलेले. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असते, उघड्यावर ते उडून जाते आणि उरतो चुना. मागच्या वर्षीचे उघडे बियाणे आणून कोणी पेरील का? उगवण तपासल्याशिवाय आपण पाभर हातात धरत नाही, मग पोरांच्या पाण्यात टाकायची पावडर का तपासत नाही?

हिशेब सोपा आहे, लिहून घ्या. विहिरीचा व्यास फुटांत मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, आलेल्या आकड्याला २२ ने गुणा. तितके लिटर पाणी. बारा फुटांची विहीर, दहा फूट पाणी, म्हणजे सुमारे ३२ हजार लिटर. हजार लिटरला चांगली पावडर साधारण अडीच ग्रॅम लागते, तेव्हा या विहिरीला ८० ग्रॅम. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की मात्रा वाढवावी लागते. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायची आणि तासभर पाणी उपसायचे नाही. पोते उचलून विहिरीत झटकणारा जलसुरक्षक आम्ही पाहिला आहे. त्याने गाळ तेवढा वाढतो.

मात्रा पुरली की नाही, ते ओटी टेस्ट सांगते. परीक्षानळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. टाकीखालच्या नळाला नव्हे, शेवटच्या घरच्या. आणि शेवटचे घर कोणाचे असते, ते आपल्या गावात सांगायला लागत नाही. आपल्या राज्यात पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे, हिरवे कार्ड देतात. तुमच्या गावाला कोणते मिळाले? हात वर करा. बघा, एवढ्या गर्दीत सात हात.

पाणी विहिरीवर शुद्ध केले तरी काम अर्धेच होते. ते घरात येऊन पुन्हा नासते. माठात सगळे घर पेला बुडवते, पेल्याबरोबर बोटे बुडतात. तोटीचा माठ असेल तर उत्तम, नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे. झाकण हवे. माठ उंचावर हवा, रांगत्या पोराच्या हाताला लागेल असा नको. पाणी पिवळसर असेल तर गाळून, उकळून घ्या, नाहीतर मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबा. आणि एक कळकळीची विनंती, फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी भरू नका, वावरातसुद्धा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ते अजून कोणी विसरलेले नाही.

आता संडास. २०१८ साली आपले राज्य आणि २०१९ साली देश हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आणि जवळपास त्याच काळातली ती राष्ट्रीय पाहणी सांगते की देशातल्या शंभरातली १९ कुटुंबे उघड्यावर जात होती, खेड्यांत तर २६. सकाळी डबा घेऊन निघणाऱ्याला विचारा, तो खरा आकडा सांगेल.

याविषयी एक प्रयोग झालेला आहे, तो आपण शेतकऱ्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात शंभर खेडी निवडली. पन्नास खेड्यांत संडास बांधण्याची मोहीम काढली, पन्नास तशीच ठेवली, जसे आपण वाण तपासताना प्लॉट पाडतो तसे. मोहिमेच्या गावांत संडास असलेली घरे शेकडा ९ वरून ६३ झाली. निकाल २०१४ साली छापून आला. लहान मुलांत हगवणीचे प्रमाण मोहिमेच्या गावांत ८.८ टक्के, न केलेल्या गावांत ९.१ टक्के. म्हणजे फरक नाहीच.

काही शहाणे लगेच म्हणाले, पाहा, संडासाचा काही उपयोग नाही. आम्हाला तो निकाल वाचल्याबरोबर बोंडअळी आठवली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपले कपाशीचे पीक खाल्ले, तेव्हा काय शिकलो? तुम्ही डिसेंबरात कपाशी उपटून वावर मोकळे केले आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली, तर अळी त्याच्या बोंडात उन्हाळ्यापर्यंत जगते आणि पुढच्या हंगामात पतंग बांध ओलांडून तुमच्याकडे येतात. पतंगाला सातबारा कळत नाही. शंभरातल्या ६३ घरी संडास, त्यातले वापरात त्याहून कमी, आणि उरलेले गाव नाल्यावर, ही गावाने ठेवलेली फरदडच आहे. आपल्याकडेच, तेव्हाच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, २००४ साली साठ गावे घेऊन असाच प्रयोग झाला. निम्म्या गावांत चिठ्ठ्या टाकून संपूर्ण स्वच्छतेची मोहीम लावली. तिथे सगळ्या गावाला एकत्र बसवून उघड्यावरचे जाणे बंद करण्यावर भर होता, आणि मोहिमेच्या गावांतली पोरे पुढे उंचीला बरी भरली. पुढे २०१८-१९ साली बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे या तीन देशांतल्या मोठ्या प्रयोगांचे निकाल आले. बांगलादेशात हगवण कमी झाली, बाकी दोन्हीकडे नाही. उंची तिन्हीकडे वाढली नाही. अर्धे काम केले की फळ अर्धे मिळत नाही, कधीकधी काहीच मिळत नाही.

"संडास आहे, पण वापरत नाही." का? बायका म्हणतात पाणी कोण आणणार. खोल उताराचे ग्रामीण भांडे बसवले असेल तर दीड-दोन लिटरात भागते. ठेकेदार शहरी सपाट भांडे बसवून जातो, त्याला बादलीभर लागते, आणि ती बादली डोक्यावरून आणायची असते बाईनेच. बापे म्हणतात, खड्डा लवकर भरेल. भरला तर उपसणार कोण? या प्रश्नात खरी गोम आहे, आणि ती जातीची आहे. मैला हाताने उपसायला लावणे कायद्याने १९९३ पासून बंद आहे, २०१३ साली कायदा आणखी कडक झाला. तरी मनात तेच, "ते काम आपले नव्हे." म्हणून माणसे वीस फूट खोल टाके बांधतात, दीड-दोन लाख घालतात, किंवा संडासात गोवऱ्या भरतात.

याला उतारा म्हणजे दोन शोषखड्डे. तीन-साडेतीन फूट व्यास, चार फुटांच्या आत खोली. एक खड्डा पाच-सहा माणसांना काही वर्षे पुरतो. भरला की नळी दुसऱ्यात वळवायची आणि पहिला झाकून दीड-दोन वर्षे तसाच ठेवायचा. उघडाल तेव्हा वास नाही, घाण नाही, भुसभुशीत काळी माती. आपल्या आज्याने याला सोनखत म्हटले, ते उगाच नाही. २०१७ साली तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्र सरकारचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरले आणि त्यांनी ते खत हाताने बाहेर काढले. सचिवाला जमते तर पाटलाला का जमू नये? आणि शेणखताचा आजचा भाव पाहता, फुकटचे खत मातीत गाडून ठेवणारा शेतकरी आम्हाला समजत नाही.

आपल्या भारी काळ्या जमिनीत मात्र एक गोष्ट सांभाळावी लागते, आणि ती अंदाजपत्रकात बहुधा नसते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, पाणी पीत नाही. खड्डा आटत नाही, संडास उलटा येतो आणि लोक म्हणतात सरकारी संडास असलाच. उन्हाळ्यात तीच जमीन हातभर भेगाळते आणि भेगांतून घाण थेट विहिरीकडे जाते. उपाय असा की खड्ड्याच्या बांधकामाभोवती फूटभर रुंदीचा वाळू-खडीचा पट्टा भरायचा. पिण्याच्या विहिरीपासून अंतर निदान तीस-पस्तीस फूट, खाली भेगाळ पाषाण असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. सरकारने बारा हजार रुपये दिले, त्यात वाळूची ट्रॉली कोणी धरली नाही. ती आपली आपण धरा, एका नाल्यावरून पाच घरांची एकत्र आणा.

हात साबणाने धुवा, हे तुम्ही हजारदा ऐकले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. संडासहून आल्यावर आणि पोराला भरवण्याआधी, एवढ्या दोन वेळा पाळल्या तरी हगवणीच्या तीन खेपांतली जवळपास एक टळते. नुसते पाणी पुरत नाही. साबण ठेवायचा तो न्हाणीतल्या फळीवर नाही, चुलीजवळ.

एवढे करूनही पोराला हगवण लागली तर? १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालात आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपले. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि आजाऱ्याच्या नातलगांनाच पाजायला सांगितले. शंभरातले तीस मरत होते, ते चारच्या आत आले. डॉक्टर २०२२ साली गेले, २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आतड्याची गंमत अशी की साखर सोबत असली की मीठ आत शोषले जाते आणि मिठामागे पाणी जाते. हगवण चालू असतानासुद्धा हे चालूच राहते. "पाणी दिले की जुलाब वाढतात" ही समजूत पोरांचा जीव घेते. जीव जातो तो अंगातले पाणी सुकल्याने.

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण कालवा, निम्मे नाही. दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या पोराला अर्धा ते एक छोटा कप, मोठ्याला दुप्पट, चमच्या-चमच्याने. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. चोवीस तासांनी उरलेले फेका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचा. मीठ वाढवू नका. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. वरचे खाणारे पोर असेल तर ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज मीठ घालून द्या, ती आपल्या घरातलीच आहे. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, सहा महिन्यांच्या वरच्या पोराला २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या पोराला १०. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे. पाकीट आणि गोळी दोन्ही उपकेंद्रात फुकट आहेत. दुकानातले गोड रंगीत डबे "ओआरएस" म्हणून विकले जात होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसे नाव लावायला मनाई केली. डबा नको, पाकीट घ्या.

शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, पोर पीत नाही किंवा सुस्त पडले आहे, यातले एकही दिसले तर घरी थांबायचे नाही. त्या वेळी सलाईन खरेच लागते, आणि त्यासाठी पैसा उभा करायला आम्ही कोणाला नाही म्हणणार नाही.

ग्रामसभेत एक प्रश्न विचारा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता. तो कशावर खर्ची पडला, वर्षवार हिशेब मागा. कमानीवर आणि पेव्हर ब्लॉकवर पडला असेल तर तसे इतिवृत्तात लिहून घ्या. हा प्रश्न बाईने उठून विचारला तर सरपंचाला उत्तर टाळणे जड जाते, असा आमचा अनुभव आहे. पाणी तपासायचे साहित्य गावात आलेले असते, प्रत्येक गावातल्या पाच बायांना ते शिकवायचे असे जलजीवनमध्ये ठरलेले आहे. त्या पाच कोण, हेही विचारा.

ओटी टेस्टची एक पेटी आम्ही सोबत आणली आहे. जेवणाची पंगत बसण्याआधी या मंगल कार्यालयाच्या टाकीचे पाणी इथेच तपासू. तालुक्याचे दोन-दोन जण, त्यात एक बाई, पुढे या. नळीतले तपासलेले पाणी पिऊ नका, ओतून द्या. रंग आला नाही तर स्वयंपाक्याला सांगून पाणी उकळून घेऊ, जेवण अर्धा तास उशिरा होईल.